हवेत ठेवलेला चंबू

म्हात्रे सरांच्या वर्गात उशिरा आलेला मुलगा सरळ आपल्या बाकाकडे जात नसे. फळ्याजवळून अर्धगोल वळसा घालून, अंग चोरून जाई. कारण टेबलाच्या अलीकडे, छातीइतक्या उंचीवर, सरांचा प्रयोगाचा काचेचा चंबू ठेवलेला असे. म्हणजे तिथे काहीही नसे. नुसती हवा. पण सरांनी तो सगळ्यांदेखत तिथे ठेवलेला असे, आणि वर्गाने तो पाहिलेला असे.

एकदा दुसऱ्या शाळेतून आलेला एक मुलगा सरळ चालत गेला. सर खुर्चीत बसले. "फोडलास," ते म्हणाले. सगळा वर्ग त्या मुलाकडे असा बघायला लागला, की त्याने खाली वाकून तुकडे शोधले. "राहू दे, पायाला लागेल," सर म्हणाले. "आता पाणी परत तापवायला हवं." त्यांनी रिकाम्या हातांनी दिवा पेटवला, वात कमी केली, आणि सगळा वर्ग गप्प बसून पाणी तापायची वाट बघत राहिला. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होतो. ती शांतता ऐकून मला वाटलं, साहेब तपासणीला आले.

हे साठ सालानंतरचं पनवेल. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे एक कपाट होतं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. आत एक चिरलेला चंबू, दोन परीक्षानळ्या आणि एकाच पारड्याचा तराजू. वस्तू फुटली तर दुसरी मुंबईहून यायला दिवाळी उजाडे, म्हणून वस्तू वापरायचीच नाही असा नियम होता. म्हात्रे सरांनी नियम मोडला नाही. त्यांनी वस्तूच काढून टाकली. हवेत हात फिरवून ते प्राणवायू तयार करत, लोखंड तापवत, मेणबत्ती विझवत. मधून मधून विचारत, "दिसतंय ना?" मुलं म्हणत, "दिसतंय सर." मला खिडकीतून काही दिसत नसे, आणि त्याबद्दल मला मनातून थोडं अपराधी वाटे. मला तसं बऱ्याच गोष्टींबद्दल वाटतं.

सर शिरढोणच्या बाजूने सायकलवर येत. वडील उरणच्या मिठागरावर होते. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली, मूल नव्हतं. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, पण गांगरले की घरची भाषा बाहेर येई. ती ऐकायला मुलं टपलेली असत, पण सर कधी गांगरतच नसत.

एक दिवस जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आले आणि सरांच्या तासाला मागे बसले. तास संपल्यावर बाहेर पडताना त्यांनीही हवेतल्या त्या चंबूला वळसा घातला. नंतर दोनच महिन्यांत हुकूम आला, की अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिक्षकांसाठी उन्हाळी विज्ञानवर्ग आहे आणि आमच्या शाळेतून दोघांनी जायचं आहे, म्हात्रे आणि मी. म्हात्रे का, ते कळलं. मी का, ते मला आजही कळलेलं नाही. माझ्याहून लायक दोघं तरी स्टाफरूममध्ये होते, आणि जाईपर्यंत मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या वर्गाची गोष्ट अशी होती. आठ आठवड्यांत वर्षभराचं शिकवत. सकाळी आठला व्याख्यान, मग प्रयोगशाळा, जेवण, पुन्हा प्रयोगशाळा, चित्रपट, गृहपाठ. दर शुक्रवारी परीक्षा. चाळिशीतले आम्ही बापये वसतिगृहात दोघांना एक अशा खोल्यांत राहायचो, हातात ताट घेऊन रांगेत उभे राहायचो आणि उकडलेले बटाटे खायचो. शेवटी एक जाहीर पाठ असे. तिथल्या शाळेची मुलं बोलवत आणि त्यांच्यासमोर एक प्रयोग करून दाखवायचा. विज्ञानाच्या गटात जो पास होईल त्याच्या शाळेला काचसामानाची एक मोठी पेटी मिळणार होती. मी गणिताच्या गटात होतो, गणिताला पेटी नव्हती. म्हणजे पनवेलला पेटी यायची तर ती म्हात्रे सरांमुळेच येणार होती.

त्यांनी पेटी पहिल्याच दिवशी पाहिली. नमुन्याची म्हणून दारात उघडून ठेवलेली. बारा चंबू कापसात झोपलेले. सर तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "सगळ्या वर्गाला पुरतील," एवढंच म्हणाले.

सुरुवातीपासून गोंधळ. प्राध्यापक वर्गात आले की सर उठून उभे राहात. प्राध्यापकांना वाटे, यांना काही विचारायचं आहे. ते विचारत, "बोला." सर म्हणत, "काही नाही." "मग बसा." सर म्हणत, "तुम्ही बसा, मग बसतो." प्राध्यापक टेबलावर बसत, पाय हलवत. ज्या टेबलावर पुस्तकं ठेवायची त्यावर गुरूने बसलेलं बघून सरांना बसवत नसे. ते आणखीच ताठ उभे राहात.

हरिश्चंद्र म्हात्रे हे नाव तिथे कुणाच्या तोंडात मावेना, म्हणून प्राध्यापकांनी त्याचं 'हॅरी' करून टाकलं. तीन दिवस सर हॅरीबद्दल हळहळत होते. "त्या हॅरीला फार प्रश्न विचारतात हो. आणि तो बिचारा उत्तरच देत नाही."

पण खरी पंचाईत प्रयोगशाळेत झाली. आमचा वर्ग समोरच होता, मधे काचेचं दार, त्यामुळे मी पहिला चंबू जाताना डोळ्यांनी पाहिला. सरांनी चंबू हातात घेतला. त्यात पाणी भरलं. छातीच्या उंचीवर नेला. तिथे ठेवला. आणि खडू घ्यायला वळले.

अठरा वर्षं त्यांची प्रत्येक वस्तू ठेवली तिथे राहिलेली होती.

आवाज झाला तेव्हा सर वळून हवेतल्या त्या जागेकडे बघत राहिले. खाली बघितलंच नाही. "आमी तं हितंच ठेवला होता," ते म्हणाले. समोर बसलेल्या चार देशांच्या शिक्षकांना शब्द कळले नाहीत, पण तक्रार कळली.

दुसऱ्या दिवशी परीक्षानळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा चंबू. प्रयोगाला दोघांची जोडी असे. सरांच्या जोडीला मिसेस बेल नावाच्या, शेतकऱ्यांच्या गावात शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी पहिले दोन दिवस काचा झाडल्या. मग त्या सरांच्या बाजूला हात पुढे करून उभ्या राहायला लागल्या. सर ठेवत, त्या झेलत. गरम चंबूने एकदा हात भाजल्यावर थंड पाण्यात भिजवलेला टॉवेल घेऊन उभ्या राहात. हळूहळू त्यांचं असं जमलं, की सर ठेवायच्या आधीच त्यांना कुठे ठेवणार ते कळे.

सरांना मात्र याची लाज वाटे. खोलीत ते टेबलावर साबणाची वडी ठेवून सराव करत. उचलायची, ठेवायची, खाली टेबल आहे का ते बघायचं. "टेबल आहे," ते स्वतःला बजावत. "टेबल आहे, टेबल आहे." मी माझा गृहपाठ करायचो आणि मधेच वडी पडल्याचा आवाज यायचा. मी वर बघत नसे. वर बघितलं असतं तर मला हसू आलं असतं, आणि हसलो असतो तर आठवडाभर झोप लागली नसती.

"पेटी नाही मिळाली तर?" एकदा त्यांनी विचारलं.

"नाही मिळाली तर नाही. इतकी वर्षं चाललंच ना?"

"चाललं," सर म्हणाले. "पण मुलं दिसतंय म्हणतात ती मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की काय, कोण जाणे. खरं पाणी उकळताना त्यांनी कधी बघितलेलंच नाही. त्यातली काही डॉक्टर होतील हो."

जाहीर पाठाला त्यांनी स्वतःचा आवडता प्रयोग घेतला. चंबूत पाणी उकळायचं, दिवा बाजूला करायचा, घट्ट बूच लावायचं. उकळी थांबते. मग चंबू उलटा धरून वरून गार पाणी ओतायचं, की आतलं पाणी पुन्हा उकळायला लागतं. गार पाण्याने पाणी उकळतं ही गंमत पनवेलच्या मुलांना पाठ होती. फक्त पाणी नव्हतं.

त्या दिवशी तीस अमेरिकन पोरं, मागे परीक्षक, बाजूला मिसेस बेल ओला टॉवेल घेऊन. सरांनी अंगातला कोट काढला नाही. त्यांचा आवाज छान लागला होता. पाणी उकळलं. दिवा बाजूला केला, बूच लावलं. चिमट्याने चंबू काढला, उलटा केला, मुलांना दाखवला, उकळी थांबली आहे याची सगळ्यांकडून कबुली घेतली. मग चंबू नेमक्या त्या उंचीवर हवेत ठेवला आणि गार पाण्याचा जग घ्यायला वळले.

मिसेस बेलनी तो झेलला. उलटाच, थंड ओल्या टॉवेलमध्ये. आणि चंबूतलं पाणी त्यांच्या हातात धडधडून उकळायला लागलं.

पोरं बाकांवर चढली. बेलबाईंनी घाबरून चंबू आणखी घट्ट आवळला, तसं ते आणखी उकळलं. सर जग घेऊन वळले. एकदा चंबूकडे बघितलं, एकदा भरलेल्या जगाकडे.

"उकळतंय?" ते म्हणाले. "मी अजून ओतलं नाही."

परीक्षकांना वाटलं, हे सगळं ठरवूनच बसवलेलं आहे. टाळ्या झाल्या. आम्हाला कळवण्यात आलं की म्हात्रे पास, आणि पेटी पनवेलला जाणार. मी देवाचे आभार मानले. पण नाव हरिश्चंद्र ठेवलं की पुढचं ठरलेलंच असतं. सर प्राध्यापकांच्या खोलीकडे निघाले.

"कुठे?"

"सांगायला नको का? ती चूक होती. बाईंनी झेलला म्हणून झालं."

"सर, पेटी," मी म्हणालो. मी त्यांच्या कोटाची बाही धरली होती. ती त्यांनी हळूच सोडवली, आणि म्हणाले, "चला, इंग्रजी अडलं तर तुम्ही आहात."

इंग्रजी अडलंच. चंबू हवेत ठेवला, हे वाक्य प्राध्यापकांना काही केल्या कळेना. हवेत का? पडणार नाही का? मी समजावलं, सरांनी समजावलं, तिघांचाही गोंधळ वाढत गेला. शेवटी सर म्हणाले, "थांबा, दाखवतो." आणि त्या खोलीत, पेटी हातची जात असताना, त्यांनी रिकाम्या हातांनी तो अख्खा प्रयोग केला. दिवा पेटवला. पाणी उकळेपर्यंत थांबले. बूच लावताना मनगट पिळलं. प्राध्यापक टेबलावर बसून बघत होते, पाय हलवत. सरांनी चंबू त्यांच्या गुडघ्यांसमोर ठेवला आणि जग घ्यायला वळले.

प्राध्यापकांनी पाय आखडून घेतले.

मग प्राध्यापक म्हणाले, "पेटी जाईल, हॅरी. फक्त एक करा. मुलांच्या हातात द्या. तुम्ही हात लावू नका."

मुंबईहून पनवेलला येताना सरांनी पेटी एसटीच्या टपावर चढवू दिली नाही. मांडीवर घेऊन बसले.

"मास्तर, पेटीत काय हाय?" कंडक्टर म्हणाला. "गोरी बायको आनलीत काय?"

"काच आहे."

"मंग हलू नका. रस्ता आपलाच हाय, अमेरिकेचा नाय." आणि पनवेल येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याआधी तो "मास्तर, धरा" म्हणून ओरडत होता.

सरांनी प्राध्यापकांचं अक्षरशः ऐकलं. मुलांचे बारा गट केले. प्रत्येक गटाला एक चंबू. स्वतः बोटही लावलं नाही. पहिल्या आठवड्यात दोन फुटले, सर म्हणाले, "झाडून घ्या आणि पुढचं करा." हेडमास्तर दोन दिवस जेवले नाहीत, पण मुलं प्रयोग करायला लागली. खरं पाणी, खरी वाफ, खरे भाजलेले हात. आजूबाजूच्या शाळांचे मास्तर बघायला यायला लागले.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी पाचव्या तासाला नववीत जात होतो, तर सर व्हरांड्यात उभे. आत त्यांचाच तास चालू होता. मी आत डोकावलो. चाळीस मुलं चंबूंवर वाकलेली, आपसात भांडत, मोजत, ओरडत. फळ्याकडे एकाचंही तोंड नव्हतं.

"सर, आत नाही का?"

"छान करतात हो," सर म्हणाले. "मी मगाशी एकदा आत जाऊन आलो. कुणाला कळलंही नाही." ते हसले. हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले, काढले, पुन्हा घातले. मी जायला लागलो तसे ते बरोबर चालू लागले. "तुमचा आता काय? भूमिती?"

"त्रिकोणाच्या कोनांची बेरीज."

"मी जरा बसू का मागे? मुलांना उठायला नको सांगा."

ते शेवटच्या बाकावर, दोन मुलांच्या मधे, गुडघे आखडून बसले. मी फळ्यावर त्रिकोण काढला. पोरं माझ्याकडे बघत होती, तेही बघत होते. एका मुलाच्या वहीत वाकून त्यांनी काहीतरी विचारलं, त्या मुलाने पट्टी ठेवून त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

घंटा झाली. मुलं गेली. सर बाकातच बसून होते.

"मला नीट कळलं नाही हो," ते म्हणाले. "उद्या पुन्हा घेणार का हेच?"

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज न कळणारा विज्ञानाचा मास्तर मी अजून पाहिलेला नाही. उद्या मला वर्तुळ सुरू करायचं होतं.

"उद्या हेच घेतो," मी म्हणालो. "पाचवाच तास आहे."