डबीर सर आणि दोन देशांचा प्रश्न

समोर बसलेल्या माणसाला "माझा आवाज पोहोचतोय का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे डबीर सर. मी त्यांच्या टेबलापाशी उभी असायची, मध्ये फक्त पेनांचा स्टँड, आणि सर घसा साफ करून विचारायचे, "बाई, आवाज येतोय?" येतोय म्हटलं की ते क्षणभर थांबायचे. माझं उत्तर समुद्र ओलांडून येतंय, त्याला वेळ लागणारच, अशा श्रद्धेनं थांबायचे. मगच पुढचं बोलायचे. सराफ्यात एकदा घड्याळाचा पट्टा बदलायला गेले आणि दुकानदारालाही त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, "साहब, बहरा नहीं हूँ मैं."

ही खोड त्यांना आंतरराष्ट्रीय सहकार्यातून लागली. आमचं मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र ग्वाल्हेरच्या कंपू भागात आहे. खाली औषधांची दुकानं, वर आम्ही. नोकरी-घर सांभाळून शिकणारे लोक आमच्याकडे नाव घालतात, घरी पुस्तकं वाचतात आणि परीक्षेच्या आधी तोंड दाखवतात. वर्षानुवर्षं हे निवांत चाललं होतं. मग युरोपातल्या एका थंड देशातल्या संस्थेशी करार झाला. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा कशी करायची, याचा अभ्यासक्रम. धडे तिकडचे, विद्यार्थी इकडचे, प्रमाणपत्रावर दोघांची सही. डबीर सर समन्वयक झाले. मी कॅमेरा आणि कॉम्प्युटर सांभाळणारी. त्या दिवसापासून सरांचे पाय काही कंपूच्या जमिनीला लागले नाहीत.

ग्वाल्हेरच्या जूनमध्ये, जेव्हा कुत्रीसुद्धा नालीत बसून असतात, तेव्हा सर कोट घालून यायचे. खुर्चीमागच्या भिंतीला ओल होती, ती दिसू नये म्हणून त्यांनी जगाचा नकाशा लावला. ओल नकाशातून वर आली आणि अर्धी आफ्रिका काळी पडली. मी म्हटलं, "सर, काढून टाकू या का?" सर गंभीर झाले. "बाई, दोन देशांचा प्रश्न आहे."

हे त्यांचं पालुपद. चहा उशिरा आला, दोन देशांचा प्रश्न. जिन्यात कुणी पानाची पिंक टाकली, दोन देशांचा प्रश्न. शिपाई मुलीच्या लग्नासाठी सुट्टी मागायला आला, तेव्हाही सरांनी त्या परक्या देशाचा विचार करून मगच होकार दिला.

तिकडून आलेले धडे तर काय वर्णावे! "पलंगाचं बटण दाबून रुग्णाचं डोकं वर करावं." आमच्या मुली मुरैना, दतिया, भिंडहून यायच्या. त्यांच्याकडे पट्ट्यांनी विणलेली निवारीची खाट, तिला बटण कुठून असणार? एका धड्यात होतं, "सकाळी पडदा सारून रुग्णाला बाहेरचा बर्फ दाखवावा, त्यानं त्याचं मन प्रसन्न होतं." भाषांतर सरांनी स्वतः केलं होतं. मी हात जोडले. "सर, निदान बर्फ तरी वगळू या."

"मूळ पाठात हात घालता येत नाही, बाई. करार आहे."

मुलींनी बर्फ पाठ केला. एकीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं, बर्फ नसेल तर कारखान्यातून लादी मागवून खिडकीत ठेवावी. सरांनी तिला पूर्ण गुण दिले. शेजारी शेरा मारला, "उपक्रमशील."

'परिचर्याकर्मी' हा शब्द सरांचा. 'दूरस्थ कौशल्यसंवर्धन' हाही त्यांचाच. मुली सगळ्याला "आया का कोर्स" म्हणायच्या. ते ऐकून सरांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, पण मुलींना रागवायची त्यांची हिंमत नव्हती. इंग्रिड बाईंना मात्र त्यांनी कळवलं होतं, की ग्वाल्हेरात या नव्या शब्दांचं फार स्वागत झालं आहे. इंग्रिड बाई म्हणजे पलीकडच्या संस्थेच्या मुख्य. पडद्यावर त्या दिसल्या की सर खुर्चीतून अर्धे उठायचे आणि कॅमेऱ्याला लवून नमस्कार करायचे. पलीकडे बहुधा फक्त टक्कल दिसत असणार.

पहिली तुकडी संपत आली तशी त्या बाईंनी एक अट घातली. प्रमाणपत्र देण्याआधी प्रात्यक्षिक पडद्यावर थेट पाहायचं. पसंत पडलं तर करार पुढे, नाही तर राम राम. आमच्या मुलींचं सगळं त्यावर टांगलेलं. रेखा जाधव त्यातलीच. तिचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले, आता घरात फौजेची एक गंजकी तलवार आणि म्हातारी सासू. रेखा जवळच्या एका हॉस्पिटलात कच्ची आया होती. प्रमाणपत्र मिळालं तर तिला पक्कं करणार होते. ती मला म्हणाली, "बाई, मी रोज पेशंट उचलते. पण ते कॅमेऱ्यासमोर करायचं म्हटलं की माझे तर हात-पाय फूल जातात, काही सुचतच नाही."

प्रात्यक्षिकासाठी तिकडून रबरी बाहुला यायचा होता. तो कस्टममध्ये अडकला. मला वाटलं, आता तारीख पुढे जाईल. पण सर म्हणाले, "अजिबात नाही. पेशंट मी."

मी हसू दाबलं. सर मात्र तयारीला लागले. कुठल्या धड्याच्या वेळी खोकायचं, कुठे कण्हायचं, पाणी पाजल्यावर इंग्रजीत "थँक यू" म्हणायचं, सगळं पाठ. खालच्या औषधवाल्याकडून भाड्याचा पलंग आणला. सर त्यावर आडवे झाले, कोटासकट. मी म्हटलं, "सर, पेशंट कोट घालत नाहीत."

"बाई, इंग्रिड मॅडम असतील समोर."

शेवटी मी चादर गळ्यापर्यंत ओढून दिली.

पडदा सुरू झाला. इंग्रिड बाई आणि त्यांचे दोन सहकारी. सरांनी झोपल्या झोपल्या भाषण केलं. दोन देश, ज्ञानाचा सेतू, वगैरे. भाषणात मध्येच पेशंटची आठवण होऊन ते खोकायचे. पहिल्या दोन मुली पार घाबरल्या. एकीनं त्यांचं डोकं उचलताना मान पिरगळली. सर कळवळले, तरी म्हणाले, "व्हेरी गुड."

मग रेखा आली. तिनं आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं आणि तिचं काय झालं कुणास ठाऊक, ती कॅमेरा विसरली. तिनं हात धुतले, पुसले, आणि सरांच्या कपाळावर ठेवले.

"काका, कसं वाटतंय आज? झोप झाली का नीट?"

सरांचं पाठ केलेलं वाक्य इथे होतं. ते आलं नाही.

"घाबरायचं नाही हां. मी आहे ना इथे. चला, जरा करवट घ्या. हां, असं. दुखलं तर सांगा मला."

तिनं त्यांना कुशीवर केलं, पाठ चोळली, उशी सारखी केली, विस्कटलेले चार केस हातानं बसवले. मग घरून आणलेली मुगाची खिचडी चमच्यानं भरवायला लागली. प्रत्येक घासाआधी फुंकर. "मुँह खोलिए. शाब्बास, काका."

कॅमेरा माझ्या हातात होता, त्यामुळे सरांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. त्यांचे डोळे भरले होते. ते खोकायचं विसरले होते.

सरांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी इंदूरला, तिचा फोन येतो. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी मी एकदा कागद घेऊन गेले होते. खानावळीचा डबा दाराच्या कडीला अडकवलेला होता. डबेवाला आवाजही न देता निघून जातो, म्हणाले. मी तेव्हा हे ऐकून घेतलं आणि कागदावर सही मागितली होती.

इंग्रिड बाई पलीकडून म्हणाल्या, की त्यांना पाहायचं होतं ते पाहून झालं. मुलगी उत्तम आहे, करार पुढे चालू राहील, आता थांबलात तरी चालेल. रेखानं मोठा श्वास सोडला आणि चमचा वाटीत ठेवला.

सर उठले नाहीत. इंग्रिड बाई बोलत असताना सर उठले नाहीत, नमस्कार नाही, आभार नाहीत, असं कधी झालं नव्हतं. ते छताकडे पाहत पडून होते. मग अगदी हळू, मराठीत, रेखाला म्हणाले, "अजून आहे का गं वाटीत?"

रेखानं माझ्याकडे पाहिलं. पलीकडे तिघंही वाट पाहत होते. इंग्रिड बाई विचारत होत्या, मिस्टर डबीर ठीक आहेत ना?

मी वायर काढली. पडदा काळा झाला.

"आहे ना, काका," रेखा म्हणाली आणि पुन्हा चमचा उचलला.

तिकडे मी नंतर कळवलं, लाइट गेली होती.