बत्तीस दारं, दोन साडू

"बाई, त्यांना सांगा, चौकट झाली," थोरले साडू म्हणाले. 'त्यांना' म्हणजे धाकट्या साडूंना, आणि धाकटे साडू त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, रंधा मारत उभे होते.

बाईंनी हातातली वही मिटली आणि चौकट झाल्याचं सांगितलं. धाकट्यांनी ही बातमी आत्ताच कानावर पडल्यासारखी मान डोलावली आणि 'बघतो' म्हणून सांगायला सांगितलं. बाईंनी तेही सांगितलं. अकरा वर्षं त्या हेच करत होत्या. आधी कोठीवर सामान देणाऱ्या म्हणून, आणि गेली चार वर्षं कारखान्याच्या प्रमुख म्हणून. प्रमुख कसल्या, तात्पुरत्या प्रमुख. दारं-चौकटींच्या त्या कारखान्यात फळीपासून खिळ्यापर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं, पण नावामागचं ते 'तात्पुरत्या' काही केल्या हलत नव्हतं. विचारलं की मालक म्हणायचे, "बघू की. तुमच्या माणसांत तणाव फार आहे, बाई."

जसा काही तो तणाव बाईंनीच घरून डब्यात भरून आणला होता.

हे दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरले चौकटी करायचे, धाकटे दारं. बायका रोज तासभर फोनवर बोलायच्या, पोरं एकमेकांच्या घरी राहायला जायची, आणि हे दोन घोडे एका रंध्यावरून तोंडं फिरवून बसले होते. थोरल्यांनी आपला रंधा उसना दिला, तो पातं तुटून परत आला. थोरले म्हणायचे, यानं तोडलं. धाकटे म्हणायचे, आधीच तुटलेलं होतं. झालं, एवढंच. एवढ्याशा पात्यापायी निरोप पोचवून पोचवून बाईंचा घसा बसला होता.

कामात मात्र दोघांचा हात धरणारा कोणी नव्हता. थोरल्यांच्या टेपचा पहिला इंच कधीचाच तुटून गेला होता. ते दुसऱ्या इंचापासून मोजायचे आणि मनातल्या मनात एक वजा करायचे. पण त्यांनी काहीही मोजलेलं असो, धाकटे त्यावर विश्वास ठेवतील तर शपथ. ते आपला टेप काढून चौकट पुन्हा मोजायचे, तीही दोनदा, कुठे सुताभराची चूक सापडते का या आशेनं. दार झालं की थोरले ते मोजायचे, त्याच आशेनं. सापडलं की सांगायला बाई होत्याच.

अशात एका नव्या शाळेचं बत्तीस दारांचं काम आलं. मालकांनी बाईंना बोलावलं. हे काम वेळेत द्या आणि या दोघांचं एकदा मिटवा, की कायम केल्याचं पत्र तुमच्या हातात ठेवतो, असं म्हणाले. वर संस्थेतले वाद कसे हाताळावेत याच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणालाही पाठवलं.

सकाळचं सत्र बाईंनी कान देऊन ऐकलं. भांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि ऐकलेलं स्वतःच्या तोंडानं परत सांगायचं. मग दोघांना पटेल अशी एक तरी गोष्ट शोधायची. बाईंनी सगळं उतरवून घेतलं. दुपारचं सत्र सुरू होणार, तोच थोरल्यांचा फोन आला, की त्यांना सांगा, लाकूड चिकटवायचा सरस संपला. बाईंनी धाकट्यांना फोन लावला. धाकटे म्हणाले, त्यांना सांगा, कोठीची किल्ली बाईंच्याच पर्समध्ये आहे. बाई दुपारच्या सत्राचा छापील कागद न वाचताच पर्समध्ये कोंबून कारखान्यात परत आल्या. वाटेत त्या काय पुटपुटत होत्या ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना ऑफिसात बसवलं. "आज मी कुणाचा निरोप सांगणार नाही. एकमेकांकडे बघून बोला."

पहिली दहा मिनिटं दोघांनी पंख्याकडे बघितलं. मग थोरल्यांनी रंध्याचं काढलं. धाकट्यांनी ते नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं, आणि म्हणता म्हणता त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या दिवशीच्या फळीत खिळा होता, त्यांना आठवलं. जुन्या लाकडातली फळी होती. थोरले पुढे सरकले. जुनं लाकूड कोठीतून दिलं कुणी?

दोघांनी एकदमच बाईंकडे बघितलं.

"म्हणजे पातं तू नाही तोडलंस," थोरले म्हणाले.

"आणि तुम्ही तुटकं नव्हतं दिलंत," धाकटे म्हणाले. "खिळ्याची फळी बाईंनी दिली."

दोघांना पटलेली ती एकुलती एक गोष्ट. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. फळी बघून घ्यायला यांना डोळे नव्हते? पण कायमचं पत्र डोळ्यांसमोर होतं, म्हणून त्यांनी तो घोट गिळला, वरून दोघांना चहा पाजला. थोरल्यांनी धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवला. धाकट्यांचे डोळे भरून आले. बाईंना कुणी 'सॉरी'सुद्धा म्हटलं नाही.

मग जी गट्टी जमली म्हणता. अकरा वर्षांचं साचलेलं बोलणं, ते काय दोन दिवसांत संपतंय? सासऱ्यांच्या तिरसटपणापासून गुडघेदुखीपर्यंत एक विषय सुटला नाही. रंधा बाकावर आणि हे दोघे गप्पांत. तरी दारं होत होती, बाकी कारखाना खूश होता, आणि मालक येता-जाता बाईंना 'शाब्बास' म्हणत होते. बाईंच्या घशालाही आराम पडला.

शाळेत दारं पोचवायला चार दिवस उरले, तेव्हा बाईंनी पहिलं दार चौकटीत बसवून बघायला सांगितलं. दार बसेना. दुसरंही बसेना. बाईंनी बत्तीसच्या बत्तीस मोजली. सगळी एक इंच जास्त उंच आणि एक इंच जास्त रुंद.

"चौकटीचं माप कुणी घेतलं?"

थोरल्यांनी घेतलं होतं. गप्पांच्या भरात त्यांनी टेपवरचा आकडा तसाच सांगून टाकला होता. तो एक इंच वजा करायचा राहून गेला.

"आणि तुम्ही मोजलं नाहीत?" बाईंनी धाकट्यांना विचारलं.

"दादांनी मोजलं होतं ना," धाकटे म्हणाले. "मग मी परत मोजणं बरं दिसतं का?"

"दार झाल्यावर तुम्ही तरी?"

"यानं केलंय म्हटल्यावर मी काय मोजायचं?" थोरले म्हणाले, आणि धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. होतं असं."

"तुमची काय चूक, दादा. कोठीतून वेळेवर नवा टेप मिळाला असता तर ही वेळच आली नसती."

पुन्हा दोघांनी एकदमच बाईंकडे बघितलं.

बाईंच्या हाताला काहीतरी फेकायला हवं होतं. पर्स उघडली, तर त्यात तो दुपारच्या सत्राचा कागद. पहिलीच ओळ अशी, की सगळी भांडणं मिटवायची नसतात. माणसावरचं भांडण मिटवा, कामावरचं भांडण जपा. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. सरसाच्या एका डब्यापायी ही ओळ हुकली होती. अकरा वर्षांचा संताप त्यांच्या तळपायातून निघाला तो थेट मस्तकात गेला.

"एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, तेव्हा या कारखान्यातून एक दार वाकडं गेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण करवतवाल्यानं करवत बंद केली. "आता गळ्यात गळे घातलेत, तर बत्तीस दारं मातीत. घरी खुशाल मिठ्या मारा. इथे थोरल्यांचं काम धाकट्यांनी मोजायचं, धाकट्यांचं थोरल्यांनी. चूक दिसली की तोंडावर सांगायची, मी मध्ये नाही. आणि टेपसाठी चार वर्षांत मागणीची एक चिठ्ठी दाखवा, मी आज नोकरी सोडते. फळीतला खिळा न दिसणारे सुतार तुम्ही, आणि मला दोष देता?"

सुतार म्हणून आपल्या नजरेवर कुणी बोट ठेवलं, हे दोघांच्याही फार जिव्हारी लागलं. दोघं सरळ बाकाकडे गेले. बाईंनी कोठीतून नवा टेप काढून बाकावर ठेवला, तो थोरल्यांनी त्यांच्याकडे न बघता उचलला.

पुढचे चार दिवस एक शब्द गप्पांचा निघाला नाही. धाकट्यांनी दार कापायचं, थोरल्यांनी मोजायचं, "ही कड बघ, चढलीय," असं रोखठोक सांगायचं, मग धाकट्यांनी ती तासून थोरल्यांच्या चौकटीचा कोपरा तपासायचा. बाईंना बोलायला जागाच मिळू नये, एवढ्या एका हट्टानं दोघं झपाटले होते. चौथ्या दिवशी बत्तीस दारं बत्तीस चौकटींत अशी बसली, की बोटानं ढकलावं आणि मिटावं.

मालक येऊन बघून गेले. खिशातून पत्र काढून त्यांनी बाईंच्या हातात दिलं. मग दाराबाहेर जाऊन थांबले आणि हळूच म्हणाले, "त्या दोघांचं छान जमलंय. पण ते तुमच्याशी बोलत नाहीत वाटतं? तणाव आहे जरा. पुढच्या महिन्यात तेच प्रशिक्षण परत आहे, जाऊन या."

बाई पत्र हातात घेऊन आत आल्या. दोघं बाकाशी उभे होते. त्यांच्यापासून बाई हातभर अंतरावर थांबल्या. थोरल्यांनी घसा साफ केला आणि धाकट्यांकडे बघितलं.

"बाईंना सांग, कायम झाल्याबद्दल अभिनंदन."

"दादा अभिनंदन म्हणतायत," धाकटे भिंतीकडे बघत म्हणाले.

संताप पुन्हा वर यायला लागला होता. बाईंनी तो तिथेच धरला. शेवटचं दार समोर होतं, आणि ते अगदी बरोबर आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. सकाळी त्यांनी स्वतः मोजलं होतं.

"दादांना सांगा, आभारी आहे," त्या धाकट्यांना म्हणाल्या. "आणि हेही सांगा, बत्तिसावं दार खालून सूतभर जास्त वाटतंय."

दोघांचे टेप एकदमच बाहेर आले.