आष्ट्याची एक पानवेल

उत्तर दिलेल्या पत्रापेक्षा उत्तर न दिलेले पत्र जास्त दिवस टिकते. आष्ट्याच्या धरणेंद्र चौगुल्यांनी १९४३ साली आमच्या साताऱ्याच्या शेतकी कचेरीला लिहिलेले पत्र माझ्याकडे अजून शाबूत आहे. (मी तिथे कारकून होतो. स्वप्नात अजूनही असतो.) त्यांच्या पानमळ्यातल्या वेली काळे ठिपके पडून जळत होत्या, एकच तगली होती. तिचे एक पान पाकिटात होते आणि प्रश्न एकच होता: हिचेच बेणे धरून सगळा मळा पुन्हा लावू का?

वनस्पतीला हात नाहीत, पाय नाहीत, कचेरी नाही. तरी तिचा बंदोबस्त थक्क करणारा असतो. रोग शिरला की चिवट वेल त्या जागेभोवतालचा आपलाच भाग मारून टाकते. वाळलेले कडे तयार होते, रोग आत उपाशी मरतो आणि बाकीचे पान हिरवे राहते. पाकिटातल्या पानावर अशी सात कडी होती. म्हणजे उत्तर 'होय' होते. मी तसे पुस्तकात वाचलेही होते. पण पुस्तक चुकले असेल, किंवा मी चुकीचे वाचले असेल, अशी मला नेहमी शंका येते. वरिष्ठ या गुणाला विनय म्हणत.

आमच्या कचेरीची प्रतिकारशक्ती त्या वेलीहून सरस होती. पत्र आत शिरताच भोवतालची चार टेबले निर्जीव झाली. जोतीराम नावाचा कारकून "एकदा जाऊन बघू या" असे म्हणाला. त्याची शिराळ्याला बदली झाली. साहेबांनी पाहणी केली. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत आणि सरकारी बूट काढण्याचा नियम नाही, म्हणून ती बांधावरून केली. पत्रावर एकंदर शेरे एकोणीस, पैकी 'पाहिले' अकरा. (न पाहता.) फरक एवढाच, की वेलीला रोग ओळखता येतो. आम्ही चौगुल्यांनाच रोग समजलो.

ते स्वतःही येऊन गेले.

"रावसाहेब, लावणीला पंधरा दिस हायत. व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा."

"यथावकाश कळवू," मी म्हणालो.

"आवं, वेलीला यथावकाश कळत न्हाई."

मला कळत होते. मी ते पान पुस्तकात ठेवले आणि पुस्तक कपाटात. वाट पाहून त्यांनी मळा मोडला, शाळू पेरला. तगलेली वेलही त्यात गेली. कचेरीवर एक ठिपका पडला नाही.

गेल्या आठवड्यात, सहा वर्षांनी, ते पुस्तक उघडले. पानाचा कागद झाला आहे, कडी तशीच आहेत. मी कार्ड लिहिले: 'होय. लावा.' खाली सही करावी की नाही, यात आणखी चार दिवस गेले.

आपण मला हसला असाल, कचेरीवर चिडलाही असाल. ते योग्यच आहे. मात्र पहिली ओळ वाचताना आपल्याला आपल्या खणातले एक पत्र आठवले होते. एव्हाना त्याच्याभोवतीचे कडे वाळलेही असेल.

माझे कार्ड मी आज सकाळी टाकले. पेटीत बरीच जागा होती.