प्रवचनातले मासे

फादर फेबियन यांचं प्रवचन कधी संपणार हे खुद्द फादरांनाही ठाऊक नसायचं. ते मासे ठरवायचे.

चर्चच्या माडीवर, गायनमंडळाशेजारी एक कॉम्प्युटर होता. त्यावरून गीतांचे शब्द वेदीजवळच्या भिंतीवर पडायचे. प्रवचनात त्याला कोणी हात लावत नसे, म्हणून थोड्या वेळाने स्क्रीनसेव्हर आपोआप सुरू व्हायचा आणि भिंतभर रंगीत मासे पोहू लागायचे. ते दिसले की फादर दचकून म्हणायचे, "थोडक्यात सांगायचं तर..." आणि लोक हळूच पाय मोकळे करायचे.

त्या रविवारी क्लिफर्डला मासे लवकर हवे होते. आज क्रिकेटची फायनल होती. 'वादळ इलेव्हन'चा तो कॅप्टन, आणि भुईगावच्या टीमने बजावून ठेवलं होतं, टॉसला कॅप्टन नसला तर कप आमचा. पंचाईत अशी की गेल्या वर्षी खेळताना हाताचं बोट मोडल्यावर त्याने बायकोसमोर, जीनासमोर, क्रिकेट सोडल्याची शपथ घेतली होती. तिच्या लेखी तो आज मिस्साची प्रार्थना संपल्यावर सातिवलीला कंपनीत अर्जंट कामाला चालला होता. बॅट मित्राच्या, शेल्डनच्या रिक्षात लपवली होती.

"फादर अजून नोहाच्या तारवात प्राणी चढवतायत," शेजारी बसलेला शेल्डन कुजबुजला. "टॉस गेला आपला."

"गप रे. आता मासे सोडतो."

कंपनीत क्लिफर्डचं काम कॉम्प्युटर सांभाळायचंच. माडीवरचाही त्यानेच बसवला होता, आणि अशी सोय करून ठेवली होती की फोनवरून एका ओळीची कमांड दिली की स्क्रीनसेव्हर म्हणाल तेव्हा सुरू, म्हणाल तेव्हा बंद. त्याने फोन प्रार्थनेच्या पुस्तकात धरला आणि कमांड लिहिली. भिंतीवर मासे आले.

फादर दचकले. "थोडक्यात सांगायचं तर..."

तेवढ्यात मासे गेले. फादरांनी भिंतीकडे पाहिलं, चष्मा सावरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पण थोडक्यात सांगून कसं चालेल? अजून हत्ती राहिलेत!"

क्लिफर्डने पुन्हा कमांड दिली. मासे आले. मासे गेले. हत्तींच्या मागून उंट चढले. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा पुढच्या बाकावरच्या हेलनमावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"तुझी कमांड सडलीय," शेल्डन म्हणाला.

"कमांड बरोबर आहे! कोणीतरी बंद करतंय." माडी पाठीमागे होती. मिस्सात मान वळवून बघायची सोय नव्हती.

आता एकच उपाय उरला होता. लॉक! एकदा लॉक केलं की पासवर्डशिवाय मासे हलणार नाहीत, आणि पासवर्ड त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता. त्याने कमांड दिली. मासे आले. फादर हिरमुसले. "थोडक्यात..."

आणि माशांच्या मधोमध पासवर्डची चौकट उघडली. तिच्यात एकेक ठिपका उमटू लागला.

'पासवर्ड चूक', भिंतीने सांगितलं. पुन्हा ठिपके. पुन्हा चूक. मग बराच वेळ काहीच झालं नाही. अख्खं चर्च श्वास रोखून भिंतीकडे बघत होतं. मग ठिपके परत आले, या वेळी सावकाश, आणि मासे नाहीसे झाले.

फादरांनी दोन्ही हात उंचावले. "आणि आता पक्षी!"

लोक बाहेर पडले तेव्हा मैदानावरून टीममधल्या रॉकीचा मेसेज येऊन पडला होता. कप भुईगावला. फादर मात्र खुशीत होते. "क्लिफर्ड, मासे परत परत जात होते. म्हटलं, लोकांना अजून ऐकायचंय!"

माडीच्या जिन्यावरून जीना उतरली.

"वर... वर तू होतीस?"

"मग? कॉम्प्युटरवर बसणारा ज्युड आला नाही, तर ऐनवेळी मला बसवलं. सारखे मासे येत होते. म्हटलं, तू बसवलेला कॉम्प्युटर, लोक तुला हसतील. म्हणून ते आले की मी माउस हलवत होते."

क्लिफर्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि पासवर्ड?"

"आधी माझं नाव टाकलं. नाही उघडला. मग आपल्या लग्नाची तारीख टाकली. तरी नाही." जीना थांबली. "मग म्हटलं, या माणसाचा खरा जीव कशात आहे ते टाकून बघू. 'वादळ इलेव्हन' टाकलं. उघडला."

शेल्डन हळूच रिक्षाकडे सटकला. जीनाने तिकडे पाहिलं. सीटमागून बॅटची मूठ डोकावत होती.

"चल, बस," ती रिक्षात चढत म्हणाली. "मीपण येते सातिवलीला. बॅटने कॉम्प्युटर कसा दुरुस्त करतात ते बघायचंय मला."