तीनदा ओढलेलं दार

खोलीबाहेर पडताना दाराची मूठ एकदा जास्त ओढून बघायची, एवढंच मी ठरवलं होतं. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

मी सव्वीस वर्षं भांडारपाल आहे. संध्याकाळी भांडाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा तीनदा ओढायचं. (शिपाई याला साहेबांचा व्यायाम म्हणतात.) पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीने आम्हाला जे हॉटेल बुक करून दिलं, तिथे कुलूपच नव्हतं! ऐन शहराच्या मध्यावर, खुर्चीवर बसावं की ती नुसती बघावी ते कळू नये इतकं स्टायलिश हॉटेल, आणि दाराला काय, तर प्लास्टिकचं कार्ड.

"दार आपोआप लॉक होतं, सर," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

आपोआप! आपोआप होणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास असता तर मी भांडारपाल कशाला झालो असतो?

बायको शाळेत चित्रकला शिकवते. हॉटेलपासून दोन चौकांवरच्या संग्रहालयात तिचं लाडकं चित्र आहे. त्याची छापील प्रत आमच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं लटकते आहे.

"खरं चित्र मला तुमच्या शेजारी उभं राहून बघायचंय," ती म्हणाली. "पाचला बंद होतं, आणि उद्या त्यांची सुट्टी. आज चुकलं की चुकलं."

मी शब्द दिला.

सकाळी आम्ही घड्याळाच्या मनोऱ्यावर गेलो. तिकिटाच्या रांगेतच मला खोलीचं दार आठवलं. "आलोच," म्हणून मी हॉटेलवर गेलो आणि दार ओढून आलो. तोवर मनोरा दुपारपुरता बंद झाला होता. मग बाग. कारंज्यापाशी टेकलो नाही तोच शंका आली, दार तीनदा ओढलं की दोनदाच? पुन्हा गेलो. या खेपेला दाराला कान लावून आतली चाहूलही घेतली.

"अहो, आत चोरण्यासारखं आहे काय? तुमचे पायजमे?"

"प्रश्न पायजम्यांचा नाही, तत्त्वाचा आहे."

साडेचारला संग्रहालयाच्या पायऱ्या चढत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"सर, हॉटेलचा मॅनेजर बोलतोय. घाबरू नका, पण एक संशयित माणूस सकाळपासून तुमच्या खोलीचं दार उघडायला बघतोय."

मी घाबरलोच. (खरं सांगतो, त्यात थोडा आनंदही होता. सव्वीस वर्षं ज्याच्या भीतीने कुलपं ओढली, तो एकदाचा आला होता!)

"तू चित्रापाशी थांब, मी दहा मिनिटांत आलो," असं बायकोला सांगून मी धावत सुटलो.

मॅनेजरने कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. कॅमेरा वर छताला होता, त्यामुळे दिसत होतं ते फक्त डोकं. भलंमोठं टक्कल. तो माणूस मूठ ओढायचा, चार पावलं जायचा, परत येऊन ओढायचा, मग दाराला कान लावायचा.

"अट्टल दिसतोय," मी दात ओठ खात म्हणालो. "पोलिसांना बोलवा! असली टकली माणसं..."

इतक्यात त्या माणसाने घाम पुसायला मान वर केली.

मॅनेजरने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग अतिशय सभ्यपणे पाण्याचा ग्लास पुढे केला. आपलं टक्कल एवढं पसरलं आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं, पण तेव्हा त्याचं दुःख करायलाही सवड नव्हती.

धापा टाकत पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बायको पायऱ्यांवर बसली होती.

"बघितलंस?" मी विचारलं.

"वीस मिनिटं त्याच्याकडे पाठ करून बसले होते. म्हटलं, तुम्ही आल्यावर एकदमच बघू. शेवटी दिवे मालवायला लागले, तेव्हा वळले."

मला फार वाईट वाटलं. मी तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, पदराने माझा घाम टिपला आणि मायेने विचारलं,

"उद्या तुम्ही दार ओढायला किती वाजता जाणार? नाही म्हणजे, तेवढ्यात मी मनोरा बघून घेते."