ढेपेला हात लावायचा नाही

धीर या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार आमच्या गावात कोणाला असेल, तर तो मला आहे. मी घरच्या घरी चीज केलं आहे. चेडर! साडेचार किलोंची अख्खी ढेप! चीजसाठी नावाजलेल्या विस्कॉन्सिन राज्यात राहून दुकानातलं चीज खाणारे गल्लोगल्ली सापडतील, पण आपल्या हाताने केलेली ढेप तळघरात वर्षभर मुरत ठेवणारा माणूस शोधून दाखवा.

माझी बायको मार्लिस म्हणते, हा मायक्रोवेव्हसमोर उभा राहून मायक्रोवेव्हला 'आटप' म्हणतो. ते खरं आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

संबंध आहे तो आमच्या गॅरेजचा. गॅरेजमध्ये माझी एक लाकडी होडी आहे. म्हणजे अर्धी आहे. मधमाश्यांच्या पेट्या आहेत, माश्या यायच्या आहेत. बॅन्जो आहे, तारा आणायच्या आहेत. अशा मोठमोठ्या कामांना सुरुवात झालेली असल्यामुळे मार्लिसची गाडी बाहेर उभी असते. ती शाळेची बस चालवते. हिवाळ्यात उजाडायच्या आत उठून आधी स्वतःच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायचं, मग बस गाठायची. अकरा हिवाळे हे चाललं आहे. तो खरवडण्याचा आवाज मला पांघरुणात ऐकू येतो आणि मी कूस बदलतो.

तर मी चीज करणार असं जाहीर केलं, त्या दिवशी मार्लिसने खिडकीतून गॅरेजकडे बघितलं. मग म्हणाली, "लेलंड, पुढच्या डिसेंबरात आईला ऐंशी वर्षं पूर्ण होतील. तेव्हा ही ढेप कापायची. तोवर ती जशीच्या तशी राहिली, तर तुझ्या गॅरेजबद्दल मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही राहिली, तर गॅरेज माझं."

"एवढंच?" मी म्हणालो.

"आठवड्यातून एकदा उलटायची. बाकी हात लावायचा नाही."

सासूबाई शेजारीच विणत बसल्या होत्या. अर्डिस त्यांचं नाव. गेली चार वर्षं आमच्याकडेच असतात. त्यांनी साक्षीदार म्हणून मान डोलावली आणि पैज लागली.

चीज करणं तसं सोपं आहे, वाट बघणं सोडून. आमचा शेजारी ड्वेन याच्या गोठ्यात सत्तर गाई आहेत, त्याने दूध दिलं. दूध कोमट करून विरजण घातलं, मग दूध घट्ट धरावं म्हणून रेनेट घातलं. आता दही घट्ट लागेपर्यंत भांड्याला धक्का लावायचा नसतो. त्या वेळात मी घरभर हिंडलो. झाकण उचललं, ठेवलं, उचललं. मार्लिसने मला स्वयंपाकघरातून हाकललं, तेव्हा मी न्हाणीघरातला न गळणारा नळ दुरुस्त केला. तो अजून गळतो. पण दही लागलं! मग ते कापून, तापवून, त्यातलं पाणी काढून, मीठ घालून, होडीसाठी आणलेल्या शिकंज्यात दाबून ठेवलं, आणि वाळल्यावर वर लाल मेण चढवलं. तळघरात आमचा एक जुना फ्रिज आहे, त्यात ढेप विराजमान झाली. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. पाच मिनिटांनी मला वाटलं, झालं असेल का?

इथे एका हत्याराची ओळख करून द्यायला हवी. धान्याच्या पोत्यात खुपसून नमुना काढतात ना, तशी चीजची एक पोलादी नळी मिळते. ती ढेपेत खुपसून फिरवायची, की बोटाएवढी कांडी बाहेर येते. कांडीचं आतलं टोक मोडून चाखायचं, उरलेला वरचा तुकडा भोकात परत बसवायचा, वर मेणाचा थेंब सोडायचा. कोणाला काही कळत नाही. मी ती नळी आणून फ्रिजशेजारी खिळ्याला लावली होती, शोभेला. पण पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की जाणकार माणूस अधूनमधून नमुना बघतो. आणि पैज हात लावण्याची होती. नळी लावण्याबद्दल मार्लिस काही बोलली नव्हती.

पहिली कांडी मी नाताळाच्या आधीच काढली. रबर! दुसरी जानेवारीत, म्हटलं सुधारलं का बघू. मार्चमध्ये मात्र जिभेवर अशी काही चव आली की मी तळघराच्या पायरीवरच बसलो. ते मी केलं होतं. आयुष्यात प्रथमच मी सुरू केलेली एक गोष्ट चांगली होत होती, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती! त्या बेचैनीवर उपाय म्हणून मी आणखी एक कांडी काढली.

उन्हाळ्यापर्यंत मला दर आठवड्याला ढेप उलटताना ती हलकी लागायला लागली. मला आनंदच झाला. हिवाळाभर बर्फ उपसल्याचा हा परिणाम, दंडात ताकद आली आहे, असं मी मार्लिसला दंड दाखवून सांगितलं. ती म्हणाली, "असेल." एरवी ती माझा दंड बघून हसते. त्या दिवशी तिने विषय बदलला.

सप्टेंबरात ढेप एका हाताने उलटली. तेव्हा मात्र मी चरकलो. न्हाणीघरातला वजनकाटा खाली नेला. काटा साडेचारच्या जवळपाससुद्धा जाईना. मेण चढवलेलं चीज सुकत नाही, मग गेलं कुठे? दिवा जवळ नेऊन बघितलं, तर ढेपेच्या अंगावर मेणाचे थेंबच थेंब. देवीचे व्रण दिसावेत तसे. इतक्या कांड्या मी काढल्या? मी काही हिशेब ठेवला नव्हता. पण बाजूला, खालच्या कडेला, असल्या जागी मी नळी घातल्याचं मला काही केल्या आठवेना. विचार करकरून डोकं शिणलं आणि उत्तर सापडलं. उंदीर!

आता बंद फ्रिजमध्ये शिरून, चीज कुरतडून, वर मेण लावून जाणारा उंदीर असतो का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं स्वतःला. पण दुसरं उत्तर म्हणजे घरच्या माणसांवर संशय घेणं, आणि माझी तशी संस्कृती नाही. मी ढेपेच्या मागे सापळा लावला.

तीन दिवसांनी बघितलं, तर सापळा होता तिथेच, ताणलेला. पण मी लावला होता वाकडा आणि आता होता सरळ. मी पुन्हा वाकडा केला. दोन दिवसांनी पुन्हा सरळ, शिवाय कडा पुसलेल्या. इतका टापटिपीचा उंदीर मी पाहिला नव्हता.

दर शुक्रवारी आमच्याकडे पत्त्यांचा डाव पडतो. मी, मार्लिस, सासूबाई आणि ड्वेन. बिअर तळघरात असते, ती ड्वेन वर आणतो, आणि आणायला त्याला कायम वेळ लागतो. त्या शुक्रवारी पत्ते वाटले, तर सासूबाईंचा अंगठा बांधलेला. ड्वेनच्या तर्जनीला पट्टी. मार्लिसच्या मधल्या बोटाला पट्टी. सगळ्यांनी आपापली पानं डोळ्यांसमोर धरली. मग सासूबाई म्हणाल्या की यंदा थंडीने बोटं लवकर फुटायला लागली. ड्वेन म्हणाला की हो, हवाच तशी आहे. मार्लिसने एक मलम सुचवलं. बाहेर लोक अजून अर्ध्या बाह्यांत हिंडत होते, पण मीही मान डोलावली आणि घरात सगळ्यांनी हातमोजे वापरावेत असं सुचवलं.

आता सांगा, मी किती साधा माणूस आहे!

डिसेंबर आला. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ढेपेवर टिचकी मारली, तर डफासारखा आवाज. माझी झोप, भूक, सगळं उडालं. गॅरेज जाणार हे दिसत होतं, पण त्याहून वाईट म्हणजे मार्लिसच्या माहेरच्या पन्नास माणसांसमोर ती म्हणणार होती की बघा, याने हेही पुरं केलं नाही. आणि ते खरं असणार होतं. शेवटचा उपाय म्हणून मी वीस मैलांवरच्या गावातल्या चीजच्या दुकानात गेलो. तेवढीच लाल ढेप विकत आणायची आणि गुपचूप बदलायची.

दुकानात ड्वेन उभा होता. त्याच्या काखेत लाल मेणाची साडेचार किलोंची ढेप होती.

"लोणी घ्यायला आलो होतो," तो म्हणाला. सत्तर गाईंचा धनी!

"मीपण," मी म्हणालो.

दोघांनी एकेक लोण्याची वडी घेतली, तो ढेप जागेवर ठेवून गेला, आणि मी निघेपर्यंत तो आपल्या गाडीत बसून माझ्याकडे बघत राहिला. आम्ही दोघंही रिकाम्या हाताने परतलो. म्हणजे लोणी होतं.

वाढदिवसाला घर भरलं. केक झाला, फोटो झाले. मी ढेपेचा विषय काढला नाही, आणि आश्चर्य असं की कोणीच काढला नाही. उलट मार्लिसच म्हणाली की पोटं भरलीत सगळ्यांची, चीज राहू दे आज. ड्वेन म्हणाला की आणखी वर्षभर मुरलं तर सोनं होईल. सासूबाई म्हणाल्या की त्यांना या वयात चीज सोसत नाही. मी तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती सांभाळून घेतात मला ही माणसं!

पण मार्लिसचा भाऊ नॉर्बर्ट तीनशे मैल गाडी हाकून आला होता आणि पैजेबद्दल त्याच्या कानावर गेलेलं होतं. त्याने स्वतः तळघरात जाऊन ढेप आणली. येताना तो ती एका बोटावर तोलत होता. टेबलाच्या मधोमध ठेवून त्याने सुरी टेकवली. दाबायचीसुद्धा वेळ आली नाही. फुस्स करून एक बारीक आवाज झाला आणि ढेप जागच्या जागी खाली बसली. आत काही नव्हतं. मेणाचं कवच, त्याला आतून लटकलेली कांड्यांची टोपणंच टोपणं, आणि मधे पोकळी.

पन्नास माना पुढे झुकल्या. मार्लिस माझ्याकडे वळली.

"लेलंड, किती काढल्यास?"

"सहा," मी म्हणालो. "फार तर दहा. पण हे एवढं मी नाही केलं, मार्लिस. शप्पथ. खाली एक उंदीर आहे."

"उंदीर नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या अंगठा चोळत होत्या. "दुपारी तुम्ही सगळे कामावर जाता. मी ऐंशीची होते आहे. मला वर्षभर थांबायला सांगणं बरोबर आहे का, तुम्हीच सांगा."

ड्वेनने टोपी काढली. दूध आपलं होतं, तेव्हा ते कसं निघालं हे बघणं आपलं कामच होतं, असं काहीसं तो बोलला. दर शुक्रवारी बघत होता.

आता उरली मार्लिस. तिचा चेहरा त्या मेणाहून लाल झाला होता. मी पहिली कांडी काढली हे तिला नाताळातच कळलं होतं! नळी उलटी टांगलेली दिसली, म्हणून खात्री करायला तिने एक कांडी काढली. म्हणजे पैज ती तेव्हाच जिंकली होती.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलले असते तर तेव्हाच कापावी लागली असती," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकं चांगलं चीज मी आजवर खाल्लं नव्हतं, लेलंड."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्या कुठल्या कामाबद्दल तिने असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मला इतकं बरं वाटलं की निकाल ऐकायचाच राहिला. निकाल सासूबाईंनी दिला: कोणी खाल्लं हा प्रश्न नाही, ढेप राहिली का? नाही राहिली. गॅरेज मार्लिसचं.

मी एका शब्दाने वाद घातला नाही. खरं सांगायचं तर अकरा हिवाळ्यांची मला लाज वाटत होती. दुसऱ्याच दिवशी गॅरेज उपसलं. पेट्या आणि बॅन्जो नॉर्बर्ट घेऊन गेला. अर्धी होडी ड्वेनने नेली, तिच्यात आता त्याची वासरं चारा खातात. जमीन झाडून, धुऊन मी मार्लिसला हाक मारली आणि म्हणालो, घाल गाडी आत.

तिने गॅरेजचा दरवाजा उघडून बघितला. आत गेली, भिंतीला हात लावला, हवा हुंगली. मग म्हणाली की इथला गारवा तळघरापेक्षा चांगला आहे, या भिंतीला फळ्या मारल्या तर आठ ढेपा राहतील, आणि त्या भिंतीला आणखी आठ.

जानेवारीपासून मी दर रविवारी एक ढेप करतो. फळ्या भरत आल्या आहेत. गॅरेजला कुलूप आहे, किल्ली मार्लिसच्या गळ्यात आहे, आणि नळीसुद्धा तिने काढून घेतली आहे, कारण मला धीर नाही.

गाडी बाहेरच असते. बर्फ आता मी खरवडतो. उजाडायच्या आत, बोटं बधिर करून, काच स्वच्छ करत असतो, तेव्हा गॅरेजच्या खिडकीत दिवा लागलेला दिसतो. थोड्या वेळाने मार्लिस बाहेर येते, कुलूप लावते, गाडीत बसते. आत काय करत होतीस, असं मी रोज विचारतो. ती काही उत्तर देत नाही. तिचं तोंड भरलेलं असतं.