वधूवरांच्या मुखावरील पांढऱ्या रेघेचे पारिपत्य

श्री कानबाई माउली सर्वांचे रक्षण करो. सुरत शहर, तापी नदीचा परिसर, परगणे पांडेसरा, येथे छापखान्याचे मुलुखात जी धामधूम जाहली तिची हकीकत, ज्यांनी ती डोळां पाहिली त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे फारसे न घालता आणि कोणाची भीड न धरता, येथे लिहिली जाते.

पांडेसऱ्यात रंगकारखान्यांची धुरांडी बुरुजांसारखी उभी, आणि त्या बुरुजांचे छायेत कानबाई ऑफसेट नामे छापखाना, आणि त्याच्या तख्ती श्रीमती रंजनाबाई, मूळ मुक्काम पारोळा, प्रांत खानदेश. यजमान कैलासवासी जाहल्यावर बाईंनी पदर खोचून सारा कारभार हाती घेतला, आणि त्यांचे मर्जीवाचून त्या जागी शाईचा डबाही उघडत नसे. चिरंजीव लखन हे प्लेटखान्याचे सरदार. त्यांचे हवाली एक थोर मशीन होते, जे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गोल पिंपास लपेटून घेई, आणि मग लेझरचा किरण त्यावर कॉम्प्युटरातील चित्र जसेच्या तसे कोरी, आणि तो पत्रा छपाईयंत्रावर चढला म्हणजे हजारो प्रती निघत. मशीन दुसऱ्या हातचे, परंतु घराण्याचे भूषण.

लखनरावांच्या पत्नी अश्विनीबाई, माहेर अकोला, विद्येने इलेक्ट्रॉनिक इंजिनियर, लग्न होऊन नुकत्याच या घरी आल्या होत्या. इच्छापोरास हजिरा रस्त्यावर एका कारखान्यात त्यांची चाकरी. तेथे बंदरावरील क्रेनींची नाजूक सर्किटे ज्यांत सुखरूप राहतील ऐशा मजबूत पेट्या बनत. पाऊस, खारे वारे, धक्के, काहीही येवो, आतल्या सर्किटास त्याची खबर लागू नये, हे त्या पेटीचे ब्रीद. परंतु रंजनाबाईंनी डिंडोलीचे नातेवाइकांत सांगताना सूनबाई डब्यांचे कारखान्यात आहे इतकेच सांगितले, आणि मग हळदीकुंकवास आलेल्या एका बाईंनी अश्विनीबाईंपाशी तीन पुडांचा टिफिन घाऊक भावाने मिळेल काय म्हणोन पृच्छा केली. अश्विनीबाई हसल्या, परंतु ते शल्य राहिले.

आता त्या धामधुमीचे मूळ ऐका. डिंडोलीस खानदेशी समाजाचा वधूवर मेळावा दरसाल भरे, आणि त्याची परिचयपुस्तिका कैलासवासी यजमानांचे काळापासोन कानबाई ऑफसेटातच छापे. गतसाली त्या पुस्तिकेत अनर्थ जाहला. पानोपानी एक पांढरी रेघ आडवी उमटली, आणि रेघेच्या वरचा मजकूर रेघेच्या खालच्या मजकुरापासोन किंचित सरकला. ज्यांचे छायाचित्र रेघेच्या वाटेत आले त्यांची दुर्दशा काय वर्णावी! कोणाची मिशी गालावर गेली, कोणास दोन हनुवट्या आल्या, आणि समाजाचे अध्यक्ष सुकलाल आप्पा यांचे चिरंजीव अमोल यांचे नाकाचे मूळ एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे गेला. वर्षभर त्यांस एकही स्थळ आले नाही, आणि आप्पांनी त्याचा सारा दोष छापखान्यावर टाकिला. यंदा दिवाळी सरताच आप्पा जातीने आले, आणि बसावयास खुर्ची दिली ती न घेता उभ्यानेच सांगून गेले की, यंदा पोरांची तोंडे सरळ आली नाहीत तर पुस्तिका पुढे उधन्याचे छापखान्यात जाईल, आणि यजमानांची ओळख होती ती होती.

रंजनाबाईंस हा शब्द फार झोंबला. मग काम सुरू जाहले, आणि पहिलीच प्लेट निघाली तो रेघ हजर.

तेव्हा मशीनचे कंपनीस पाचारण जाहले आणि त्यांचे इंजिनियर ललितभाई अमदावादेहून स्वारी घेऊन आले. मनुष्य सालस. त्यांनी लेझर तपासला, पिंप तपासले, लोचो नामे सुरती फराळ खाल्ला, आणि निवाडा दिला की मशीनमध्ये खोट नाही, जागेत आहे. शेजारी रंगकारखान्याची वाफ, पलीकडे कापडाच्या लूमचा रोंवा, म्हणजे सुताची उडती लव, भुईस सदैव थरथर. ऐसे मशीन थंड, बंद, निर्मळ दालनात असावे, सबब छापखाना दुसरीकडे हलवावा. रंजनाबाई खफा जाहल्या. यजमानांनी जी जागा विटेवर वीट ठेवून उभी केली ती पत्र्यावरील रेघेसाठी सोडणे त्यांस मरणप्राय वाटले, आणि त्यांनी ललितभाईंस आणखी चहा पाजून निरोप दिला.

मग लखनरावांनी आपली मसलत लढविली. थरथर हाच गनीम ऐसे मानून मशीनचे चारी पायांखाली जाड रबर घातले, आणि वजन उचलताना त्यांची कंबर धरली. रेघ तशीच राहिली. उलट मशीन डुलू लागले.

अश्विनीबाईंनी त्यासमयी अर्ज केला की मशीनचे मेंदूचा खाना, ज्यात सर्किटाची पाटी असते, तो उघडून पाहू द्यावा. रंजनाबाईंनी नकार फर्माविला. हे मशीन आहे, डबा नव्हे, ऐसा मजकूर त्या बोलिल्या, आणि अश्विनीबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या दिवशीच्या भाजीत मीठ पडले नाही. लखनराव दोन दरबारांमधील वकील, त्यांनी अळणी भाजी उत्तम आहे म्हणोन दोघींसमक्ष खाल्ली.

परंतु दैवगती ऐसी की पुढील नमुन्याची प्लेट निघाली तीवर रंजनाबाईंचे सख्ख्या भावाची लेक योगिता हिचे छायाचित्र होते. पोर गुणी, सिव्हिल इस्पितळात परिचारिका, बाईंची लाडकी. रेघ तिच्या नेमक्या डोळ्यांवरून गेली होती, आणि योगितास चार डोळे जाहले होते. बाईंनी तो पत्रा हाती घेतला. मग पदराने तो पुसून पाहिला, जणू पुसल्याने जाईल. मग सुनेकडे न पाहताच बोलिल्या,

“उघाड मशीन. पन मी आठेच बसी राहसू.”

आणि खरोखरीच स्टूल टाकून बसल्या.

अश्विनीबाईंनी कारखान्यातून रजा घेतली आणि मोहीम हाती घेतली. मेंदूखान्याचे झाकण काढिले तो आत गुलाबी गालिचा. शेजारचे कारखान्यात गुलाबी साड्या रंगविण्याची बारी चालली होती, आणि मशीनचा पंखा आतले सर्किट थंड ठेवण्यासाठी बाहेरची हवा ओढून घेई, आणि त्या हवेसवे ओला रोंवा आत येऊन पाटीवर थरावर थर बसला होता. पाटी गोधडी पांघरल्यासारखी तापे, आणि तापली की क्षणभर गडबडे, आणि तेवढ्या क्षणात लेझर पुढे जाऊन चित्राची एक ओळ सुटे आणि पुढील चित्र किंचित सरके. हीच ती रेघ. अश्विनीबाईंनी पाटी साफ केली, मेजावरचा पंखा तीवर सोडला आणि प्लेट काढिली ती निर्मळ निघाली. प्लेटखान्यात आनंद जाहला, लखनरावांनी पेढे मागविले. परंतु पेढे येईपर्यंत त्या पंख्याने नवा रोंवा आणून ओतला, आणि रेघ परतली.

तेव्हा उघड जाहले की पंखा हा घरचाच फितूर आहे. जो थंड करावयास ठेविला तोच शत्रूस आत घेत होता. अश्विनीबाईंनी ठरविले की पंख्यास बडतर्फ करावे आणि पाटी पूर्ण बंद पेटीत ठेवावी. इच्छापोरचे साहेबांची परवानगी घेऊन तेथील एक नापास पेटी आणिली, पाटी आत बसविली, फटी बुजविल्या, आणि मशीन चालविले. रोंवा आत शिरेना. परंतु आतली उष्णताही बाहेर निघेना, आणि घटकाभरात मशीन मुळीच बंद पडले. पूर्वी रेघ तरी उमटत होती, आता काहीच उमटेना.

अश्विनीबाई भुईवर बसल्या. मेळावा तोंडावर आलेला, सारा छापखाना पाहत असलेला, आणि ज्या विद्येचा आपण अभिमान धरिला तिने भर दरबारी दगा दिला, हे त्यांचे मनी येऊन डोळे भरले. रंजनाबाई स्टुलावरून उठल्या. टोमणा मारावयास याहून उत्तम समय नव्हता, हे सर्वांस ठाऊक, त्यांसही ठाऊक. परंतु त्यांनी सुनेशेजारी भुईवर बैठक मारिली आणि पेटीस आता काय कमी पडते ते पुसले. अश्विनीबाईंनी निवेदन केले की पाटीची उष्णता धातूवाटे पेटीबाहेर आणावयाची, आणि बाहेर पुष्कळ पाकळ्या असाव्या म्हणजे त्या पाकळ्यांवरून उष्णता वाऱ्यावर जाईल. ऐशी घडीव पाकळ्यांची पेटी मागविली तर येईतो मेळावा उरकलेला असेल.

“ॲल्युमिनियम पायजे आई. पातळ पायजे, अन् पुष्कळ पायजे.”

रंजनाबाईंनी बोट दाखविले. कोपऱ्यात रद्द प्लेटींचा ढीग होता, गतसालच्या मिशा, हनुवट्या आणि नाके पाठीवर घेऊन.

मग काय विचारता! बाईंनी बांधणीखात्याच्या मंगलाबाई आणि त्यांच्या फौजेस बोलावणे धाडिले, आणि ज्या हातांनी आयुष्यभर कागद दुमडले त्या हातांस पत्रे दुमडावयाचा हुकूम जाहला, आणि स्वतः बाई कात्री घेऊन मध्ये बसल्या. अश्विनीबाईंनी पाटीस चिकटून जाड ॲल्युमिनियमचा ठोकळा पेटीच्या भिंतीतून बाहेर काढिला, आणि त्यावर दुमडलेल्या पत्र्यांच्या पाकळ्या पट्टी घालून आवळून बसविल्या. पेटी तयार जाहली ती फुललेल्या कोबीसारखी दिसे, आणि प्रत्येक पाकळीवरून कोणी ना कोणी रद्द नवरदेव बाहेर डोकावे. लखनराव हसले. दोघींनी एकदम त्यांजकडे पाहिले, आणि ते पत्रे दुमडावयास बसले.

अश्विनीबाईंनी परीक्षेस भर दुपार निवडली, जेव्हा शेजारचे बॉयलर जोरात, वाफ दाट आणि रोंवा उडता. मशीन सुरू जाहले. घटका गेली. पाकळ्या तापल्या, आतली पाटी निवांत राहिली. प्लेट बाहेर आली, आणि रंजनाबाईंनी ती उजेडात धरिली. योगितास दोनच डोळे होते. मग दुसरी काढिली, मग संध्याकाळपर्यंत साऱ्या पुस्तिकेच्या प्लेटी काढिल्या, आणि रेघेचा मागमूस नाही. बाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेविला आणि तो लगेच उचलला नाही.

डिंडोलीस मेळावा भरला, पुस्तिका वाटली गेली. इतकियात सुकलाल आप्पा पान उघडे धरून मंचावरून तावातावाने उतरले. त्यांची तक्रार की चिरंजीवांचे नाक अद्याप वाकडेच उमटले आहे. सभेत कुजबुज जाहली, रंजनाबाईंचा चेहरा उतरला. अश्विनीबाईंनी पान हाती घेतले, अमोलराव जवळच उभे होते त्यांजकडे पाहिले, पुन्हा पानाकडे पाहिले, आणि भिडेस्तव पान खाली केले. तेव्हा अमोलराव स्वतःच पुढे जाहले, पान गालाशी धरून सभेकडे तोंड केले, आणि बोलिले,

“नाक माझंच आहे, आप्पा. शाळेत क्रिकेटचा बॉल लागला होता. छापखान्याने बरोबर छापलंय.”

आप्पांनी नाक पाहिले, पान पाहिले, आणि चिरंजीवांकडे बहुधा बऱ्याच वर्षांनी प्रथमच नीट पाहिले. सभा हसली, आणि सर्वांहून मोठ्याने योगिता हसली, आणि अमोलरावांनी वळून ते कोण हसले हे पाहिले. पुढील मजकूर उभयतांचा खासगी, सबब लिहिला नाही.

मेळाव्यानंतर शेजारच्या रंगकारखान्याचे मास्तर लोटूभाऊ छापखान्यात आले. त्यांचेही रंगयंत्राचे सर्किट वाफेने वारंवार बंद पडत होते, आणि या पेटीची कीर्ती भिंतीपलीकडे गेली होती. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे रंजनाबाईंपुढे बसोन, ऐशी एक पेटी आम्हांसही करून मिळावी, मोल काय ते तुम्हीच ठरवा, ऐसी विनंती केली. छापखान्यातील सर्व माणसे हुकुमाची वाट पाहू लागली. रंजनाबाईंनी चष्मा काढिला आणि पुसून पुन्हा घातला.

“पेटी तिनी शे,” त्या म्हणाल्या. “तिलेच इचारा.”

आणि लोटूभाऊंनी खुर्ची फिरविली, आणि अश्विनीबाईंनी हातातले काम खाली ठेवून वाफ कोठून येते ते प्रथम सांगा म्हणोन विचारिले.

येणेप्रमाणे पांडेसरा मुक्कामी पांढऱ्या रेघेचे पारिपत्य जाहले. पंखा पदच्युत, पेटी कायम, पुस्तिका सुकलाल आप्पांनी कानबाई ऑफसेटकडेच ठेविली, आणि छापखाना होता त्याच जागी नांदतो आहे. ही फत्ते अश्विनीबाईंचे नावे दाखल करावी, ऐसा रंजनाबाईंचा हुकूम, तो शिरसावंद्य मानून दाखल केली.